माय संगमावरच राहिली

यादोरावांनी पुढाकार घेऊन ठरवलेली गाडी प्रयागराजहून करडीच्या चौकात परत आली, तशी तिच्याभोवती पाहता पाहता गर्दी झाली. तीर्थाहून आलेल्या माणसाच्या पाया पडलं, की त्यानं कमावलेलं चिमूटभर पुण्य आपल्याही पदरात पडतं, असं गावातल्या बायका मानतात. त्यामुळे दार उघडायच्या आधीच दोघीतिघी हात जोडून उभ्या होत्या. आधी यादोराव उतरले. गावातले जुने धानवाले शेतकरी. बोलायला गोड आणि अडचणीच्या वेळी नेमके गप्प बसणारे. मग त्यांची बायको रुखमाबाई, गंगाजलाचा कॅन छातीशी धरून. मग बाकीचे, आखडलेल्या कमरेवर हात ठेवत. सगळ्यांत शेवटी हेमराज उतरला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा, की कोणी काही विचारलं तर अंगावरच धावून जाईल.

त्याच्या मागून कोणी उतरलं नाही.

मोतीलाल, हेमराजचा चुलता, गावातल्या मच्छीमार सोसायटीचा म्होरक्या. त्यानं गाडीत डोकं घालून मागच्या शिटापर्यंत पाहिलं.

"काय गा हेमराज, सखाबाई कुठी हाय?"

"माय तिथंच राहिली."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि चौकातल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावून सूरच धरला. दुसरीनं तिला साथ दिली.

"अवो, रडता काहून?" हेमराज ओरडला. "जिती हाय माय! चांगली हाय! महिनाभर राहीन म्हणते संगमावर. येतच नाही म्हणते, तर मी काय करू?"

रडणं थांबलं, पण जे सुरू झालं ते रडण्याहून वाईट होतं. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. मोतीलालनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा पुतण्याकडं, आणि एवढंच म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'मध्येच हेमराजला कळलं, की आपलं आता काही खरं नाही.

झालं होतं ते इतकं साधं, की सांगूनही कोणाला पटू नये. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून नावेतून जाऊन संगमावर डुबकी मारली. गंगेचं पांढुरकं पाणी आणि यमुनेचं हिरवट पाणी जिथं एकमेकांना लागतं, तिथं सखाबाई काठोकाठ भरलेल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ उभी राहिली. संध्याकाळी ती तंबूंच्या बाजूला फिरायला गेली आणि बालाघाटकडच्या काही बायकांशी तिची ओळख झाली. त्या माघ महिनाभर तिथंच वाळूवर राहणाऱ्या. पहाटे नदीत स्नान, दिवसातून एकदा जेवण, गवतावर झोप, बाकी वेळ भजन. याला कल्पवास म्हणतात. त्यांच्यातल्या उर्वशीबाई म्हणून होत्या, त्यांच्या तंबूत एकीची जागा रिकामी होती. येणारी बाई आजारी पडली होती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी सखाबाई गाडीजवळ आलीच नाही. हेमराज शोधत गेला, तर ती त्या तंबूच्या दाराशी वाळूत जव पेरत बसली होती. कल्पवासात बसणारे असे जव पेरतात म्हणे.

"माय, चल. गाडी लागली."

"तू जाय, बाबू. मी नाही येत."

आधी त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं समजावलं. मग विनवण्या केल्या. शेवटी गाडीचा हॉर्न वाजायला लागला तसा त्याचा संयम सुटला आणि त्यानं मायचा दंड धरून तिला उठवलं. बायका गोळा झाल्या. "भैया, खींचो मत," उर्वशीबाई म्हणाल्या. तेवढ्यात एक पोलीस आला आणि त्यानं हेमराजला नाही, मायला विचारलं, "अम्मा, ये कौन है? पहचानती हो?"

"मेरा लड़का है," सखाबाई म्हणाली. "अच्छा लड़का है. पर मेरेकू नहीं जाना."

चार लोकांत, परमुलखात, मायनं दिलेलं ते प्रमाणपत्र घेऊन हेमराज मागं फिरला. मनाशी म्हणाला, राहा मग. थंडीनं कुडकुडशील तेव्हा आठवण येईल माझी. पण सिवनी ओलांडेपर्यंत राग उतरला.

घरी बायको ज्योत्सनानं सगळं ऐकून घेतलं. ती फार बोलणारी नव्हती. "कांबळ तरी ठेवून आले का मायजवळ?" तिनं विचारलं. ठेवून आला होता. स्वतःचं. हे त्यानं सांगितलं, तेव्हा मुलगी प्रेरणा म्हणाली, "मग आजी बरीच आहे ना, बाबा. कशाला टेन्शन घेता?" अकरावीतल्या पोरीला जग सोपं दिसतं, त्याला इलाज नाही.

गावाला मात्र तसं दिसेना. पानठेल्यावर हेमराज गेला, की बोलणं थांबे. वर्तमानपत्रात, मोबाइलवर सगळ्यांनीच वाचलेलं होतं, की मेळ्याच्या गर्दीत लोक म्हाताऱ्या मायबापांना सोडून पळ काढतात. आता तसला एक नमुना आपल्याच गावात निघाला, म्हणून लोक त्याच्याकडं थोड्या कुतूहलानंच पाहू लागले. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी विनोद नावाच्या पोरानं आईच्या उपकारांवरचा एक लांबलचक मेसेज टाकला. त्यात हेमराजचं नाव नव्हतं, पण त्याखाली सगळ्यांनी हात जोडले.

तलावात जाळं टाकताना सोबतचे डोंग्यात बसून भलत्याच गोष्टी बोलत. हेमराजनं विषय काढला तर म्हणत, "जाऊ दे गा, ज्याचं त्याले मालूम." तो चिडून शपथा घ्यायचा. शपथा घेतल्या, की आणखीच संशय वाढायचा.

साक्षीदार एकच होता ज्याच्या शब्दाला वजन होतं. हेमराज यादोरावांच्या घरी गेला.

"काका, तुम्ही तर तिथं होते. सांगा ना लोकायले, का माय आपल्या मर्जीनं राहिली."

यादोराव खाटेवर बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होते. "मी तर गाडीत बसून होतो, हेमराज. डायवर घाई करून राहिला होता. तिकडे काय झालं, मी डोळ्यानं पाहिलं नाही. न पाहिलेलं कसं सांगू?"

"पण मी येऊन सांगितलं होतं ना तुम्हाले!"

"तू सांगितलं होतं, हे मी सांगीन."

याला काय म्हणावं? हेमराजला वाटलं, ती शेंगांची टोपली उचलून उकिरड्यावर फेकावी. रुखमाबाई दारात उभी होती. ती नुसती आत निघून गेली.

मायचा स्वतःचा फोन नव्हता. उर्वशीबाईंचा नंबर होता. पण त्या तो दिवसभर बंद ठेवत आणि संध्याकाळी आरतीनंतर चालू करत. लागला, की मागं भजनाचा एवढा गोंगाट असे, की मायचं बोलणं कापसातून आल्यासारखं ऐकू येई. "मी बरी हाय. जेवले का तुम्ही?" एवढं म्हणून ती फोन देऊन टाकी. एकदा त्यानं मोतीलालला मुद्दाम घरी बोलावलं आणि व्हिडिओ कॉल लावला. काकानं आपल्या डोळ्यांनी पाहावं, म्हणजे झालं. पडद्यावर एक तंबू दिसला, एक कंदील दिसला, मग कोणाचा तरी कान दिसला. "माय, मोबाइल समोर धर! तोंड दाखव!" हेमराज किंचाळला. पलीकडून मायचा आवाज आला, "व्रतात हे तमाशे नको, बाबू," आणि फोन बंद झाला.

मोतीलालनं चहा पिऊन बशी खाली ठेवली. "कान तर बाईचाच होता," तो म्हणाला.

आता हसावं की डोकं आपटावं, हे हेमराजला समजेना.

मग रीता आली. हेमराजची धाकटी बहीण, मोहाडीला दिलेली. तिच्यापर्यंत गोष्ट पोचता पोचता अशी झाली होती, की भावानं मायला पुलावर बसवलं, आत्ता येतो म्हणाला आणि गाडीत बसून निघून आला. रीतानं उंबरठ्याच्या बाहेरूनच तोंड सोडलं. सगळी आळी ऐकत होती.

"तुले जड झाली होती, तर माह्या घरी आणून टाकायची होती! गंगेच्या काठावर फेकून कायले आला, दादा?"

"रीता, माह्यं ऐकून तर घे..."

"काय ऐकू? बाप मेल्यावर मासोळीचं टोपलं डोक्यावर घेऊन बजार बजार फिरली माय, तुह्यासाठी!"

हे रीतानं त्याला सांगावं? त्यानं भिंतीवर मूठ मारली. हाताची सालं निघाली. मग आत जाऊन त्यानं पिशवी भरली आणि बाहेर येऊन बहिणीपुढं आदळली.

"चल. आत्ताच्या आत्ता चल माह्यासंग. डोळ्यानं पाह्य, अन् मंग बोल."

दोघं भंडाऱ्याहून नागपूरला आणि नागपूरहून रेल्वेनं निघाले. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रीता वाटभर त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्यानं आणून दिलेला चहासुद्धा तिनं समोरच्या बाईला देऊन टाकला.

प्रयागला उतरून, तरंगत्या पिंपांचे पूल ओलांडत, तंबूंच्या त्या अफाट वस्तीतून हेमराज पुढं चालला आणि रीता मागून. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा रीताच्या चेहऱ्यावर 'मला माहीतच होतं' असं उमटलेलं त्याला दिसलं. नाहीच सापडली तर? मग त्याला वाळूतले ते जव दिसले. चांगले वीतभर वर आले होते, हिरवेगार. शेजारी तुळस. तंबू मात्र रिकामा.

"मौसी प्रवचन में है," कोणीतरी सांगितलं.

मांडवात शेकडो बायका बसल्या होत्या. अगदी पहिल्या रांगेत, पाठ ताठ ठेवून, पांढऱ्या लुगड्यात सखाबाई बसली होती. वाळली होती, पण चेहरा तुकतुकीत. रीता "माय वो!" करत सगळ्यांना ओलांडून तिच्या गळ्यात पडली. महाराज क्षणभर थांबले. हेमराज मागं खांबाला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं, चला, सुटलो. आता ही येईल, आणि मी हिला धरून चौकात उभी करीन.

पण तंबूत येऊन बसल्यावर सखाबाई पुन्हा तेच म्हणाली. माघी पुनव होईपर्यंत मी येणार नाही.

"अवो, पण काहून?" हेमराजचा आवाज चिरकला. "गाव माह्या तोंडावर थुंकून राहिलं. पोरीले शाळेत विचारतात. तुले घरी काय कमी हाय? सांग ना एकदा. ज्योत्सना काही बोलली? मी काही बोललो?"

सखाबाई वाळूवरच्या गवताच्या काड्या सारख्या करत राहिली.

"येताना गाडीत मी कुठी बसली होती?" तिनं विचारलं.

"मागच्या शिटावर."

"काहून?"

"काहून म्हणजे... जागा होती म्हणून."

"रुखमाबाईनं बसवलं. माह्यापाशी मासोळीचा वास येते म्हणली, तिले मळमळते म्हणली. निघायच्या आधी आठ दिवस मी मासोळीले हात नाही लावला. न्हाली, नवं लुगडं नेसली. तरी वास येतेच म्हणे." तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा, तसं सांगत होती. "सगळ्यायनं ऐकलं. तू समोर डायवरसंग हसून राहिला होता."

हेमराजला ते हसणं आठवेना. काहीतरी बोलणं चाललं होतं एवढंच आठवलं.

"तवाच काहून नाही सांगितलं मले? मी पाहिलं असतं ना तिच्याकडे!"

"काय पाहिलं असतं? भांडला असता. मंग तीरथ राहिलं असतं बाजूले अन् परतीच्या वाटेनं सगळे माह्याकडेच पाहत आले असते. माह्या सासूपाशी वास होता, माह्यापाशी हाय. त्याच मासोळीवर तुम्ही दोघं मोठे झाले, मले त्याची लाज नाही. पण इथं नावेत बसायच्या वेळी मी मागं सरकून बसली, तर तो नाववाला म्हणे, मौसी, पीछे क्यों? कहां की हो? म्हटलं, भंडारा जिल्हा, ढिवर आहो, मासोळीवाले. तर हात जोडले त्यानं. हम भी निषाद हैं, म्हणे. गंगाजी में सबसे पहले हम लोग. अन् हात धरून मले समोर नेऊन बसवलं."

ती थांबली. "तिथून उठावंच नाही वाटलं मले. इथं मी समोर बसते, बापा. रोज. कोणी सरकत नाही. एक महिना बसू दे."

"मंग माह्यावर कायले राग काढून राहिली?"

"राग असता तर घरी आली असती," सखाबाई म्हणाली, "अन् रोज बोलली असती तुले."

रीता डोळे पुसत होती. ते डोळे पुसून झाल्यावर तिनं भावाकडं जे पाहिलं, ते येतानाच्या पाहण्याहून काही बरं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मात्र ती भरपूर बोलली. तू एकाच गाडीत होता, दादा. दोन हातांवर. आपल्या मायला कोणी मागं उठवून बसवते आणि तुला पत्ता नाही? हेमराज खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मायला फेकून आला नाही, हे सिद्ध झालं होतं. आणि त्याच दमात मायकडं आपलं लक्षच नव्हतं, हेही सिद्ध झालं होतं, आणि त्यावर तर शपथही घेता येत नव्हती.

रीतानं करडीत दोन दिवस मुक्काम करून घरोघरी खरी गोष्ट सांगितली. गावाचा संशय फिटला. पण गोष्ट आता रुखमाबाईवर आली, आणि हेमराजला वाटलं तसं काही झालं नाही. तो तिच्या अंगणात गेला तेव्हा भांडायचं ठरवूनच गेला होता. शब्द जुळवून ठेवले होते. रुखमाबाई वाळवण घालत होती.

"तुम्ही माह्या मायले काय म्हणले गाडीत?"

"काय म्हणली? वास येते म्हणली. येते तर येते. त्यात वाईट काय बोलली मी?" तिनं खरोखरच नवल वाटून विचारलं. "माह्या धानाच्या कोठीत कुबट वास येते, तर मी नाही म्हणते का?"

हेमराजचे सगळे शब्द सांडले. समोरच्या माणसाला आपण काही केलं हेच ठाऊक नसेल, तर त्याच्याशी भांडायचं कसं? आतून यादोरावांचा आवाज आला, "जाऊ दे गा, हेमराज. बायाबायाचं बोलणं." तो पाय आपटत घरी आला. आणि रागाच्या भरात जाळं विणायला बसला, तर सुतली इतकी गुंतवून ठेवली, की शेवटी ज्योत्सनाला कात्री घ्यावी लागली.

माघी पुनव झाली. सखाबाई बालाघाटच्या बायकांच्या गाडीतून तुमसरपर्यंत आली आणि तिथून एसटीनं करडीला. कोणाला कळवलं नव्हतं. तरी थांब्यापासून घरापर्यंत येता येता तिच्यामागं बायकांची रांग लागली. महिनाभर संगमावर बसलेली बाई आख्ख्या गावात दुसरी नव्हती. लोक वाकून वाकून पाया पडत होते. पानठेल्यावरून विनोद धावत आला आणि तिच्यासोबत सेल्फी काढून त्यानं ग्रुपवर टाकला.

कोणीही, अगदी एकानंही, हेमराजला म्हटलं नाही, की बाबा, आमचं चुकलं.

तो वाट पाहत राहिला. मोतीलाल येऊन बसला, मायकडून प्रसाद घेतला, तिथल्या थंडीचं, पाण्याचं, नावांचं सगळं विचारलं, आणि जाताना पुतण्याला म्हणाला, "उद्या सकाळी जाळं घेऊन बोडीवर ये, मरळ मासोळी काढायची हाय." बस्स. जसं मधल्या दिवसांत काही घडलंच नव्हतं.

गर्दी पांगल्यावर सखाबाई भिंतीला टेकून बसली. ज्योत्सनानं पाण्याचा गडवा दिला. हेमराजनं महिनाभर मनात साठवून ठेवलेलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"बाबू, एक सांगायचं होतं. कल्पवास एकदा धरला, की बारा वर्षं करा लागते म्हणते. लागोपाठ. नाहीतर धरलेला फुकट जाते."

"बारा वर्षं?"

"आता अकरा राहिले."

"माय, तू तवा कितीची होशील? दरवर्षी मी गावाले काय सांगू? दरवर्षी तुले नेऊ, का आणू, का..." त्यानं आशेनं बायकोकडं पाहिलं. या महिनाभर मायची टोपली घेऊन ज्योत्सनाच मोहाडीच्या बाजारात बसली होती. काय काय ऐकलं असेल, तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. आणि त्यानं विचारलं नव्हतं, हे त्याला आत्ता, तिच्याकडं पाहताना लक्षात आलं.

ज्योत्सना खाली पाहून तांदूळ निवडत होती.

"पुढच्या वर्षी मी पण जाईन मायसंग," ती म्हणाली.

"तू? अन् घरी कोण राहीन? बजारात कोण बसन?"

"तुम्ही बसा ना," ज्योत्सना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

प्रेरणा आतल्या खोलीत खुदकन हसली. हेमराज तिच्यावर ओरडला, "अभ्यास कर!" आणि मग एकदम उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत दोघी सासू-सुना थंडीत कांबळी किती न्यावी लागतात, याचं बोलू लागल्या होत्या. तो ऐकत राहिला. ऐकायचं नव्हतं, तरी ऐकत राहिला.